सप्टेंबर संपला की उठव मला

परदेशी रॉक संगीत म्हटले की आपल्या घरांतून साधारण एकच शब्द निघतो : धांगडधिंगा! केस रंगवलेली, अंगभर गोंदून घेतलेली पोरे गिटार बडवतात, ओरडतात, आणि आपली पोरे कानात बोंडे घालून ते ऐकत बसतात. त्यात ऐकण्यासारखे काय असणार, असे वडीलधाऱ्यांना वाटते. वाचक बंधू-भगिनींनो, अशाच एका गाण्याची हकिकत आज सांगावयाची आहे. गाणे इंग्रजी, माणसे अमेरिकेची. पण ज्या घरातून ते निघाले ते घर ओळखायला आपल्याला वेळ लागणार नाही.

'ग्रीन डे' हे त्या वाद्यवृंदाचे नाव. गिटार वाजवणारा आणि गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग, बास गिटारवर माईक डर्न्ट आणि ड्रमवर ट्रे कूल, असे हे तिघे. 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एन्ड्स' हे गाणे त्यांच्या २००४ च्या 'अमेरिकन इडियट' या अल्बममध्ये आले. पुढच्या वर्षी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. सप्टेंबर संपला की मला उठव, असा त्या नावाचा अर्थ. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला होता, म्हणून गाणे त्यावरच आहे असे कित्येकांनी धरून चालले. कोणी म्हणाले इराकच्या युद्धावर आहे, तर कोणी म्हणाले वादळावर. प्रत्यक्षात ते गाणे एका ट्रक ड्रायव्हरवर आहे. तो ड्रायव्हर म्हणजे गायकाचा बाप.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोपासून थोड्या अंतरावर, खाडीच्या काठी रोडेओ नावाचे छोटे गाव आहे. गावाची ओळख तेथील तेलशुद्धीकरण कारखाना. धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्या वसाहती कशा असतात हे चेंबूर-माहूलच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! या गावात अँडी आर्मस्ट्राँग राहत असे. सेफवे या किराणा मालाच्या मोठ्या कंपनीचा ट्रक चालवणे ही त्याची नोकरी, आणि जाझ संगीतात ड्रम वाजवणे हा त्याचा जीव. बायको ऑली हॉटेलात वेट्रेस, म्हणजे गिऱ्हाइकांना ताटे वाढणारी. पदरी सहा मुले. त्यांतले शेंडेफळ बिली, जन्म १७ फेब्रुवारी १९७२.

घरात पैसा बेताचा होता, पण गाणे भरपूर होते. पाच वर्षांच्या बिलीच्या आवाजात एका स्थानिक कंपनीने छोटी तबकडी काढली होती. इस्पितळातल्या रुग्णांपुढे, म्हाताऱ्या माणसांपुढे हे पोर उभे राहून गात असे. बाप ट्रकवरून येणार, मग वाद्याला हात लावणार, हे त्या घरातले रोजचे चित्र.

अँडीला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये तो गेला. बिली तेव्हा दहा वर्षांचा होता.

त्यानंतरचा प्रसंग पुष्कळदा सांगितला गेला आहे. बापाला पोचवण्याच्या दिवशी हे पोर रडत घरी पळून आले आणि खोलीचे दार आतून लावून बसले. आई परत आली, तिने दार वाजवले, तेव्हा आतून तो एवढेच म्हणाला, की सप्टेंबर संपला की उठव मला. दहा वर्षांच्या मुलाने बोललेले ते वाक्य पुढे वीस वर्षे कोठे लिहिले गेले नाही, गायले गेले नाही. घरातल्या घरात राहिले.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. वस्तीत काम करताना आम्ही अनेक घरांत पाहतो. घरातला कर्ता माणूस गेला की पाहुणे जमतात, विधवा बाईला धीर देतात, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून 'आता तूच बघायचे' म्हणतात. फंडाचे कागद, मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज यांची धावपळ सुरू होते. तीही लागतेच, कागद करून देण्यासाठी आम्हीच पुढे असतो. पण कोपऱ्यात बसलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराकडे कोणी वळत नाही. 'लहान आहे, विसरेल' असे एक वाक्य बोलून मोठी माणसे मोकळी होतात. अमेरिकेतल्या त्या ट्रक ड्रायव्हरचे शेंडेफळ काही विसरले नाही. दरवर्षी सप्टेंबर येई, आणि त्याच्या पोटात तोच गोळा येई. पुढे मोठेपणी मुलाखतींतून त्याने सांगितले आहे की वडिलांवर लिहिणे आपण अनेक वर्षे टाळत आलो.

आईने वेट्रेसची नोकरी चालू ठेवली. काही काळाने तिने दुसरे लग्न केले. नव्या माणसाशी मुलांचे पटले नाही. याच सुमारास आईने पोराला एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. निळ्या रंगाची, म्हणून तिचे नावच 'ब्लू' पडले. त्याच्या गिटार शिकवणाऱ्या गुरुजींची ती होती. पुढे कोट्यधीश झाल्यावरही त्याने ती टाकली नाही. चिठ्ठ्या-स्टिकर चिकटवलेली तीच गिटार घेऊन तो सुरुवातीच्या गाजलेल्या गाण्यांच्या चित्रफितींत दिसतो. बापाच्या जागी गिटार आली असे म्हणणे फार सोपे होईल, आम्ही तसे म्हणणार नाही. पण दाराची कडी लावून बसलेल्या मुलाच्या हातात आईने काहीतरी दिले, एवढे खरे.

ज्या वर्षी वडील गेले त्याच वर्षी शाळेच्या खानावळीत त्याला माईक भेटला. माईकची कथा आणखी वेगळी. जन्मदात्री आई हेरॉईनच्या व्यसनात बुडालेली, म्हणून दुसऱ्या कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. पुढे त्या दत्तक आईबापांचाही काडीमोड झाला. पंधराव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा आर्मस्ट्राँग यांच्याच घरी खोली भाड्याने घेऊन राहू लागला. दोन पोरे, दोन गिटारी. त्यांचा पहिला कार्यक्रम १९८७ साली झाला तो बिलीची आई जेथे ताटे वाढायची त्याच हॉटेलात. तेव्हा वाद्यवृंदाचे नाव 'स्वीट चिल्ड्रन' होते, 'ग्रीन डे' नंतर झाले. अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना बिलीने शाळा सोडली. आमच्या पोरांनी यातून धडा घेऊ नये! शाळा सोडून गाजलेला एक दिसतो, शाळा सोडून हमालीला गेलेले हजार दिसत नाहीत.

बर्कली शहरात गिलमन रस्त्यावर ९२४ क्रमांकाच्या इमारतीत स्वयंसेवकांनी चालवलेली एक जागा आहे. तेथे वंशद्वेष चालणार नाही, बायकांचा अपमान चालणार नाही, दारू आणि मारामारी चालणार नाही, असे नियम दारावर लिहिलेले. लहान मुलांनाही प्रवेश. ही पोरे तेथे वाढली. १९९० मध्ये ट्रे कूल त्यांना येऊन मिळाला. त्याचा बाप व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर चालवणारा. एका जुन्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी दुरुस्त करून हाच बाप या पोरांना गावोगाव कार्यक्रमांना घेऊन जात असे. पुस्तकांच्या फळ्यांच्या जागी ड्रम आणि पेट्या! त्या तिघांत बिलीलाच बाप नव्हता आणि गाडी चालवायला मित्राचा बाप होता, हे वाचताना आम्हाला अँडीच्या ट्रकची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मग मोठ्या कंपनीने करार केला. १९९४ साली 'डुकी' हा अल्बम आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीच्या वर प्रती खपल्या आहेत. आम्ही आयुष्यभर आकडेमोड करणारी माणसे, पण एवढ्या आकड्याची आम्हालाही कधी सवय झाली नाही. मात्र गिलमन रस्त्यावरच्या मंडळींचा नियम होता की मोठ्या कंपनीला विकला गेलेला वाद्यवृंद आमच्या मंचावर नको. त्या नियमाने त्यांना स्वतःच्याच अंगणाचे दार बंद झाले. पैसा मिळाला, माणसे तुटली. २०१५ मध्ये एका मदतकार्यासाठी ते पुन्हा तेथे गायले, पण त्याला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

सन २००० नंतर उतरण लागली. नव्या अल्बमला पूर्वीसारखा खप नव्हता, तिघांत कुरबुरी होत्या. २००३ मध्ये एका नव्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या मूळ फिती चोरीला गेल्या. दुसरा कोणी पुन्हा तेच गाऊन मोकळा झाला असता. या तिघांनी एकमेकांना विचारले, की जे चोरीला गेले ते खरोखर आपले सर्वोत्तम होते काय? उत्तर नकारार्थी आले. मग त्यांनी कोऱ्या पानापासून सुरुवात केली. मनातले एकमेकांपुढे बोलावे म्हणून ते नियमित बसू लागले. आमच्या मते या गाण्याच्या जन्माचे खरे रहस्य तेथे आहे. दुःख एकट्याने कडी लावून जपता येते, पण त्याचे गाणे करावयाचे तर समोर बसून ऐकणारा कोणी तरी लागतो. माईक त्याला १९८२ पासून ओळखत होता. त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

'अमेरिकन इडियट' हा अल्बम तसा राजकीय. युद्धाचा उन्माद, दूरचित्रवाणीने भारावलेला देश, आणि त्यात भरकटलेला एक तरुण अशी सलग कथा त्यात आहे. तेरा गाण्यांच्या त्या माळेत हे अकरावे गाणे. कथेत ते बसवले आहे खरे, पण ऐकणाऱ्याला कळते की येथे पात्र बोलत नाही, माणूस बोलतो आहे. वडिलांचे नाव त्यात नाही, कर्करोग नाही, ट्रक नाही, दवाखाना नाही. ऋतू सरतो, पाऊस येतो, वर्षे मोजली जातात, बस्स. तो मोजतो ती वर्षे वीस. १९८२ पासूनची.

आता संगीताविषयी दोन शब्द, कारण पेटी वाजवणारे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. सुरुवातीला एकच गिटार आहे, तार छेडत छेडत वाजणारी. वरचे स्वर जवळपास एकाच जागी घुटमळतात आणि त्यांच्याखाली खर्जाचा स्वर एकेक पायरी उतरत जातो : सा, नी, ध, प. जिना उतरणाऱ्या माणसासारखा. त्यानंतर मध्यमावर आधारलेली स्वरसंगती येते, आणि तीत आधी शुद्ध धैवत वाजतो, मग तोच धैवत कोमल होतो. एवढ्या एका स्वराच्या बदलाने काळीज हलते. पेटीवर बोट ठेवून पाहा, कळेल. या उतरत्या खर्जाच्या जोरावर तो जवळपास कुजबुजत गातो. मग हळूच ड्रम येतात, आणि नंतर दाबून ठेवलेले सगळे एकदम फुटावे तशा मोठ्या गिटारी कोसळतात. शोकाचे असेच असते, आधी मुकाट आणि नंतर हंबरडा. पुढे गाणे पुन्हा शांत होते.

गाणे बाहेर पडले आणि बापाचे राहिले नाही, सर्वांचे झाले. २००५ च्या ऑगस्टमध्ये त्याची चित्रफीत आली. दिग्दर्शक सॅम्युएल बायर. त्यात एक तरुण जोडपे दाखवले आहे. मुलगा सैन्यात भरती होतो, इराकमध्ये जातो, मुलगी मागे राहते. सैन्यात कोणाची पोरे जातात हे त्या देशातही सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरांतून इराकला पोरगा गेला होता त्या घरांना ते गाणे आपले वाटले.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्स शहरावर आदळले. बांध फुटले, शहर पाण्याखाली गेले, हजाराहून अधिक माणसे मेली. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते आधीच निघून गेले होते. मागे अडकले ते बहुतांशी गरीब, आणि त्यांत बहुसंख्य काळे. हजारो लोकांनी सुपरडोम या मोठ्या क्रीडागृहात आसरा घेतला आणि तेथे त्यांचे पाण्यावाचून, संडासावाचून जे हाल झाले ते साऱ्या जगाने पाहिले. सप्टेंबर महिना उजाडला तो या दृश्यांनी. कोणी तरी पुराची बातमीदृश्ये या गाण्याला जोडून इंटरनेटवर टाकली आणि ते घरोघर पोचले. वर्षभराने, २५ सप्टेंबर २००६ रोजी, सुपरडोम दुरुस्त होऊन उघडले तेव्हा ग्रीन डे आणि आयर्लंडचा यू टू हे दोन वाद्यवृंद तेथे एकत्र गायले. त्या रात्री या गाण्याचेही सूर तेथे उमटले. ज्या छपराखाली माणसे तहानेने तळमळली होती त्याच छपराखाली.

बापाच्या मरणाचे गाणे करून ते विकावे काय, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न चुकीचा नाही. कंपनीने गल्ला भरलाच, २०१० मध्ये या अल्बमवर ब्रॉडवेवर संगीत नाटकही झाले. पण आम्हाला वाटते, त्या माणसाने बापाचे दुःख दुकानात मांडलेच नाही. मांडले असते तर बापाचे नाव, आजार, शेवटचे दिवस यांचे चित्र रंगवले असते आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओले करून पाकीट काढून घेतले असते. त्याने उलट केले. स्वतःच्या घराच्या खुणा पुसल्या आणि जागा रिकामी ठेवली. त्या जागेत कोणी आपला शिपाई बसवला, कोणी आपले बुडालेले घर. लिहिताना दुःख उकरल्यासारखे वाटले नाही, वडिलांचा मान राखल्यासारखे वाटले, अशा आशयाचे त्याने स्वतः सांगितले आहे.

मात्र गाणे गाजले म्हणजे जखम भरली असे कोणी समजू नये. २०१२ साली, पुन्हा सप्टेंबरातच, लास व्हेगासच्या एका मोठ्या कार्यक्रमात बिली जो मंचावर भान हरपून ओरडला आणि त्याने गिटार आपटून फोडली. दारू आणि गोळ्या यांचे व्यसन त्याला लागलेले होते. दोनच दिवसांत त्याच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की तो उपचारासाठी दाखल होत आहे. ठरलेले कार्यक्रम रद्द झाले, पैशाचे नुकसान झाले, पण त्यांनी ते लपवले नाही. आपल्याकडे घरातला माणूस व्यसनाच्या उपचाराला गेला की 'गावाला गेलाय' असे सांगतात. पुढच्या वर्षी तो परतला आणि पुन्हा गाऊ लागला.

आता दरवर्षी ३० सप्टेंबर आला की इंटरनेटवर या गाण्याच्या नावावरून विनोदांचा पाऊस पडतो. महिना संपला, उठवा रे त्याला! विनोद करणाऱ्या बहुतेकांना दाराआडचा तो मुलगा ठाऊक नसतो. त्यांना दोष कशाला द्यावा? गाणे एकदा लोकांचे झाले की लोक त्याच्याशी हसतातही.

पोरांच्या मोबाईलवर हे गाणे सहज सापडेल, पावणेपाच मिनिटांचे आहे. त्यांच्याकडून शब्दांचा अर्थ समजावून घ्यावा, इंग्रजी सोपे आहे. ध्वनिमुद्रिकेवरचे मूळ गाणे ऐकावे, चित्रफीत नंतर पाहावी. चित्रफितीत मध्येच संवाद येतात आणि शिपायाची कथा बापाला झाकून टाकते. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे जून २००५ मध्ये दोन दिवसांत एक लाख तीस हजार लोकांपुढे त्यांनी कार्यक्रम केला, त्याचेही मुद्रण 'बुलेट इन अ बायबल' या नावाने निघाले आहे आणि त्यात हे गाणे आहे. तेवढ्या गर्दीपुढेही सुरुवात त्याच एका गिटारने होते. खर्जाच्या उतरत्या स्वरांकडे कान द्यावा.